सतरा कानांचं शिंग

तुम्ही एका विणकराला खोटारडा ठरवलंत, चारचौघांत दाराबाहेर काढलंत, आणि त्याच्या घरची वस्तू अजून तुमच्या तळघरात दाबून ठेवली आहे. पत्राची सुरुवात ‘आदरणीय विश्वस्त मंडळ’ अशी करायची असते हे मला ठाऊक आहे. आधी शिंग परत करा, मग आदराचं बघू.

ते शिंग आमचं आहे हे आम्हाला कसं कळलं, ते तुमच्या कागदांत नाही. तुमच्याकडे पगारी माणसं भरपूर, पण हे त्यांच्यापैकी कोणाला सुचलं नसतं, म्हणून मीच सांगतो.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत आम्ही मेंढवाड्यात होतो. कोकरांच्या कानावर खुणा करायचा दिवस. आमच्या कामस ग्लास वस्तीत डोंगर सगळ्यांचा एकच. मेंढ्या वर एकत्र चरतात आणि कोणाच्या कोणत्या हे फक्त कानावरून कळतं. प्रत्येक घराचा कान वेगळा. कोणाचा शेंडा छाटलेला, कोणाला खालून खाच, कोणाला मधोमध फट, कोणाला भोक. आता सरकार पिवळे बिल्ले लावायला लावतं, ते आम्ही लावतो. ते झाडाझुडपात अडकून पडतात. कापलेला कान पडत नाही.

तर माझ्या मांडीवर कोकरू, हातात सुरी, आणि मुर्डो ओरडला, “टोरकिल, इकडे ये!”

मुर्डो आमचा शेजारी. त्याला सगळे ‘बिशप’ म्हणतात. आमच्या चर्चमध्ये बिशप नसतो आणि प्रार्थनेला कोणी गुडघे टेकत नाही. मुर्डोच्या आजोबांची पुदिन्याची गोळी एकदा ऐन प्रार्थनेत खाली पडली, ते शोधायला गुडघ्यांवर बसले, आणि तेव्हापासून ते अख्खं घर बिशप. आमच्याकडे असंच असतं. आडनाव सगळ्यांचं मकाय. नावं चार-पाच, तीच फिरवून ठेवायची. खरं नाव बारशाला एकदा आणि थडग्याच्या दगडावर एकदा, मधली सगळी वर्षं टोपणनावावर जातात. मला ‘पोस्टमन’ म्हणतात. मी जन्मात एक पत्र वाटलेलं नाही. वडील वाटायचे.

“हातात कोकरू आहे,” मी म्हणालो.

“सोड ते. तुझा कान इथे छापलाय.”

“माझा कान?”

“तुझ्या मेंढीचा रे, शहाण्या! डावा शेंडा छाटलेला, उजव्याला खालून खाच. हा बघ. आणि हा इकडे विणकरांचा.”

मुर्डोची मुलगी शहरात असते. दर नाताळला ती बापाला तुमच्या संग्रहालयाचं कॅलेंडर पाठवते, आणि मुर्डो ते मेंढवाड्याच्या भिंतीला ठोकून त्यावर एडके मेंढ्यांत सोडायच्या तारखा लिहितो. जुलैच्या पानावर एक शिंग होतं. बैलाचं, दाबून चपटं केलेलं, बंदुकीची दारू भरायचं. मधोमध एक होडी कोरलेली, एक कुत्रा, आणि काठाने जोडीजोडीने कापलेली छोटी पानं. खाली तुम्ही छापलं होतं: ‘अज्ञात सैनिकाचं शिंग, अठरावं शतक. काठावर पानांची नक्षी.’

पानं! मेंढीचा कान ज्याने आयुष्यात पाहिला नाही त्यालाच ते पान वाटेल.

आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. कोकरू पळालं. त्याचा एकच कान कापून झाला होता, ते पुढे वर्षभर अर्धा माझा आणि अर्धा कोणाचाच नसल्यासारखं हिंडलं.

“हे तांबड्या फिनलेचं,” मुर्डो हळूच म्हणाला. त्याने टोपी काढली, मग मेंढ्यांसमोर टोपी काढली म्हणून त्यालाच लाज वाटली आणि त्याने ती परत घातली.

फिनले आमचा कवी. राजाच्या पलटणीत शिपाई म्हणून अमेरिकेत गेला. त्याला सहीसुद्धा करता येत नव्हती, अंगठा उठवायचा. पण त्याने रचलेली गाणी अडीचशे वर्षं आमच्या बायका ओलं लोकरी कापड फळीवर बडवताना म्हणत आल्या. तिथल्या एका किल्ल्यात बर्फात अडकून पडला असताना त्याने शिंग कोरलं, ते घेऊन तो परत आला आणि बहिणीच्या घरी मेला. ते घर म्हणजे विणकरांचं. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. शिंग मात्र आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नव्हतं, कारण ते १९३६ साली गेलं.

कसं गेलं, यावरच तर सगळं अडलं होतं.

विणकर म्हणायचा, गाडीतून एक साहेब आला, प्रदर्शनात मांडायला म्हणून शिंग घेऊन गेला, परत देतो म्हणाला. वस्ती म्हणायची, विकलं. कारण त्याच वर्षी विणकराच्या दारात नवीकोरी सायकल उभी राहिली. ती सायकल वस्तीने ऐंशी वर्षं चघळली. विणकर मेला, त्याचा मुलगा मेला, सायकल गंजून कोंबड्यांच्या खुराड्याचं दार झाली, तरी चघळायचं थांबलं नाही. विणकराची नात ओइरिग. माझ्या आईची मावसबहीण, म्हणून माझी मावशी. तेव्हा चौऱ्याऐंशीवं चालू होतं. ती शाळेत जायची तेव्हा पोरं मागून ‘ट्रिंग ट्रिंग’ करायची. बाई आयुष्यात सायकलवर बसली नाही.

मी कॅलेंडर घेऊन तिच्याकडे गेलो. तिने चष्म्यावर भिंग धरलं आणि बराच वेळ बघितलं.

“मावशी, काहीतरी बोला.”

“चहा टाक.”

मी टाकला.

“पोरा,” ती म्हणाली, “मला हे कपाटात ठेवायला नको. आपल्या सभागृहात ठेवा, लहान मुलांना दाखवा, काय वाटेल ते करा. मला मरायच्या आधी एवढंच पाहिजे, की आजोबांनी ते विकलं नव्हतं हे या वस्तीने माझ्या तोंडावर म्हणावं.”

“म्हणतील की.”

“तू म्हणतोस?”

इथे मी चहा ढवळत राहिलो. खोटं कशाला सांगू, सायकलीचा किस्सा मीही सांगितलेला आहे. दोनदा. एकदा तर लग्नात.

मग आम्ही तुम्हाला पत्रं लिहिली. पहिल्याला तुमचं उत्तर आलं, ‘आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत.’ दुसऱ्याला आलं, ‘मालकीचा लेखी पुरावा जोडावा.’ तिसऱ्या पत्रात मी जे लिहिलं ते चर्चच्या वडीलधाऱ्यांनी वाचलं असतं तर मला रविवारी दारातच अडवलं असतं. त्यावर उत्तर आलं, ‘वेळ ठरवून वस्तू पाहता येईल.’

मंगळवारची वेळ घेतली. सात तास जायचं, सात तास यायचं, आणि गाडी मुर्डोची. रविवारी आमच्याकडे कोणी प्रवास करत नाही; वाटेत ती बंद पडली तरी रविवार लागायच्या आत ढकलत घरी पोचता येईल, असा मावशीचा हिशेब. मुर्डोच्या गाडीला मेंढ्या धुवायच्या औषधाचा वास मारतो. मावशी पुढे बसली, मांडीवर पिशवी, पिशवीत ओटच्या कडक भाकऱ्या, घरचं चीज, उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास.

“तिथे उपाहारगृह आहे, मावशी,” मुर्डो म्हणाला.

“आमचं शिंग ठेवून घेतलं, आता चहाचे पैसेही देऊ?”

तुमच्या तळघरात आम्हाला एक तरुण बाई भेटली. पेनिकुक. तिचं नाव मी मुद्दाम लिहितो, कारण तुमच्या इमारतीत माणसासारखं वागलेलं तेवढं एकच माणूस आम्हाला भेटलं, आणि याबद्दल तुम्ही तिला त्रास दिलात तर तेही मी छापीन. तिने हात पुढे केला. मावशीने तो धरला आणि सोडलाच नाही.

“तू कोणाची गं?”

“मी इथेच काम करते.”

“ते दिसलं. घरचं विचारते मी. कोणाची?”

बाई गोंधळली. मग म्हणाली, “बंदरावर माझ्या आजीचं मासळीचं दुकान होतं.”

“अस्सं,” मावशी म्हणाली, आणि पर्समधून पुदिन्याची गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. आमच्याकडे एवढ्यावर ओळख होते.

शिंग टेबलावर पांढऱ्या कापडावर ठेवलेलं होतं. मुर्डो पुढे झाला तशी मावशीने काठी आडवी केली. “आधी कागद. मग ते.”

पेनिकुक बाईने एक तपकिरी फाइल आणली होती. “खरं सांगू का, साठ वर्षांत ही कोणी उघडलेली नाही. मीही कालच उघडली.” तिने एक पिवळं कार्ड काढून वाचलं. “नोव्हेंबर १९३६. कोरीव शिंग, नग एक, तडा नाही. प्रदर्शनापुरतं घेतलेलं. देणार, डी. मकाय, कामस ग्लास. परत करायचं.”

“परत वाच,” मावशी म्हणाली.

तिने वाचलं.

“शेवटचं परत.”

“परत करायचं.”

“सायकल ग्लासगोच्या चुलतभावाने दिली होती,” मावशी म्हणाली.

“कोणती सायकल?” पेनिकुक बाईने विचारलं.  मावशीने चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला.

आता मी तोंड उघडलं. सात तास गाडीत बसून जे घोटून ठेवलं होतं ते सगळं बाहेर पडलं. म्हणजे तुम्हाला माहीत होतं! १९५५ साली म्हातारा विणकर बसने, आगगाडीने इथवर आला, त्याला इंग्रजी धड येत नव्हतं, तुमच्या साहेबाने विचारलं कागद आहे का, तो नाही म्हणाला, आणि साहेब म्हणाला की अशा गोष्टी सांगणारे रोज येतात. कागद तुमच्याच खणात होता! त्याच हिवाळ्यात म्हातारा गेला. एक पत्र टाकायला काय हात मोडले होते का तुमचे?

“टाकलं होतं,” पेनिकुक बाई म्हणाली. “१९५३ मध्ये. हे बघा.”

तिने एक पाकीट माझ्यापुढे ठेवलं. वर तुमचा शिक्का, मोठा, सिंहाचा. पत्ता टंकलेला: श्री. डोनाल्ड मकाय, कामस ग्लास. आणि त्यावर आडवी पेन्सिल: ‘या नावाचा माणूस इथे राहत नाही.’

ते अक्षर उजवीकडे झुकलेलं होतं. त्याच अक्षरात माझ्या शाळेच्या डब्यावर माझं नाव होतं. बापाचं अक्षर मला काय सांगायला लागतं?

 मुर्डोने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं, माझ्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा वाचलं, आणि मग तो असा हसत सुटला की त्याने फडताळाला धरलं. कोपऱ्यातला पहारेकरी म्हणाला, “साहेब, कृपया फडताळाला हात लावू नका.”

“पोस्टमन!” मुर्डो म्हणत होता. “अरे पोस्टमन!”

तर सांगून टाकतो, लपवत नाही. त्या वर्षी आमच्या वस्तीत डोनाल्ड मकाय नऊ होते. पाकिटावर घराचा क्रमांक नाही. पण बापाला नऊंपैकी कोण हे विचारत फिरायला फार तर एक सकाळ लागली असती. खरं कारण वेगळं. सरकारचा शिक्काही सिंहाचाच, म्हणून असं पाकीट म्हणजे कुत्र्याच्या परवान्याची मागणी. आमच्या वस्तीत कुत्री चाळीस आणि परवाने तीन. असलं पाकीट आलं की बाप ते बिनदिक्कत परत पाठवायचा, आणि वस्ती त्याला त्यासाठी वर्षाकाठी बटाट्याचं एक पोतं द्यायची. शेजाऱ्यांना वाचवतोय असंच तो मरेपर्यंत समजत होता.

मावशीने पर्स उचलली आणि माझ्या दंडावर हाणली. जोरात. मग उघडून मलाही गोळी दिली.

“तुझ्या बापाने माझ्या आजोबाला बुडवलं,” ती म्हणाली, “आणि हे पाकीट जपलं गेलं म्हणून आज आजोबा पुन्हा वर आला. काय करू मी तुझ्या बापाचं?”

“काय करायचं ते करा.”

“थडग्यावर जाऊन बोलते. तू येऊ नकोस, काही शब्द तुझ्यासमोर वापरता यायचे नाहीत.”

पण मंडळी, बापाच्या चुकीआड तुम्हाला लपू देणार नाही. त्याने एक पाकीट परत पाठवलं, बरोबर. तुम्ही पुढे काय केलंत? सहा महिन्यांनी त्याच कार्डावर लाल शाईने ‘बेवारस’ लिहिलंत. आणि दोन वर्षांनी त्या बेवारस वस्तूचा वारस तुमच्या पायरीवर उभा राहिला, तेव्हा खण उघडायचे कष्टसुद्धा घेतले नाहीत. माझ्या बापाने निदान बटाटे घेतले. तुम्ही तर पगार घेत होता.

एवढ्यावर संपायला हवं होतं. पेनिकुक बाईचा चेहरा पडला. “एक अडचण आहे,” ती म्हणाली. “उसनं घेतलं हे सिद्ध झालं. पण कार्डावर वस्तूचा क्रमांक नाही. तळघरात अशी कोरीव शिंगं चौदा आहेत. मंडळ मला विचारणार, घेतलेलं ते हेच कशावरून?”

“कान आहेत की त्यावर!” मुर्डो म्हणाला.

“तुम्ही म्हणता कान. ते म्हणतात पानं.”

मावशीने चष्मा चढवला. “पोरी, कात्री आहे?”

कात्री आली. मावशीने तुमची माहितीपत्रकं मागवली, गुळगुळीत कागदाची, आणि खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसली. आम्हालाही तोंडं फिरवायला लावली. कॅलेंडरात शिंगाची फक्त पुढची बाजू होती, पाच घरांची. उरलेली बारा घरं मागच्या अंगाला, आणि ती आमच्यापैकी कोणी बघितलेली नव्हती.

“फिनलेचं एक गाणं आहे,” मावशी भिंतीला सांगू लागली. “आम्ही आधी वर दरीत राहायचो. जमीनमालकाला त्याच्या मेंढ्यांसाठी दरी पाहिजे होती म्हणून आम्हाला समुद्रावर हाकललं. आता तिथे दगड आणि खाजकुयली. पण गाण्यात दरी आहे. वरच्या ओढ्यापासून खाली, घरामागून घर. मी म्हणते आणि कापते. तू शिंग फिरवत जा.”

आणि ती गायला लागली. त्या वयात आवाज चिरतो, पण ताल हलत नाही. तो कापड बडवण्याचा ताल, पायाने धरलेला. एका कडव्याला एक घर, एका घराला दोन कागदी कान. कात्री कचकच वाजत होती. कापून झाले की ती ते न बघता खांद्यावरून मागे द्यायची.

“पहिलं जुळतं,” पेनिकुक बाई म्हणाली. “दुसरं जुळतं. तिसरं... हो.”

पाचाच्या पुढे गेलं तसा तिचा आवाज बदलला. सहावं जुळलं. सातवं जुळलं. आठवंही जुळलं. पहारेकरी कोपरा सोडून टेबलापाशी आला. त्याची पावलं मला ऐकू आली. दहावं जुळलं.

“अकरावं,” ती म्हणाली आणि थांबली. “हे नाही जुळत.”

कात्री थांबली.

“तुम्ही दोन्ही शेंडे सपाट छाटलेत. शिंगावर शेंडे शाबूत आहेत. मधोमध फट आहे, दोन्हींना.”

 सतरापैकी एक जरी चुकलं तरी तुमच्या मंडळाला तेवढंच पुरणार, हे मला चांगलं माहीत होतं. अकरावं घर बिशपांचं. मुर्डो भिंतीशी पुटपुटला, “आमचा कान छाटलेलाच आहे. पहिल्यापासून.”

 मावशीने तेच कडवं पुन्हा म्हटलं, सावकाश, एकेक शब्द चाखत:

“अकराव्या घरी फाटके कान,
दरीतली बातमी तिथेच आधी शिरते.”

आणि ती हसायला लागली. “अगं बाई! हात सवयीने चालला माझा. मी आजचा कान कापला. गाण्यात तर फाटकाच आहे! ऐंशी वर्षं म्हणतेय आणि कधी कानावर गेलं नाही.” तिने भराभर दोन नवे कान कापले, मधोमध फट घातली आणि मागे दिले. “बघ.”

“जुळलं,” पेनिकुक बाई म्हणाली. मग जरा थांबून, “पण खूण बदलली का?”

“ते मुर्डोला विचार.”

“आमचा पहिल्यापासून—” मुर्डोने सुरुवात केली.

“मुर्डो, बाळा,” मावशी म्हणाली, “कानाचा शेंडा पार छाटला, की त्याच्यावर आधी कोणाची खूण होती हे कोणाला कळतं का?”

 मग पेनिकुक बाईच्या डोक्यात उजेड पडला. “म्हणजे यांच्या घरच्यांनी दुसऱ्यांच्या मेंढ्या...”

“आम्ही तसं म्हणत नाही,” मी म्हणालो. “दोनशे वर्षं म्हणत नाही.”

पहारेकरी हसला तो थांबेना. या वेळी फडताळाला त्यानेच धरलं. मुर्डो लालबुंद. मला फार बरं वाटलं. बटाट्यांचं उट्टं निघालं.

बारा ते सतरा एका दमात झाली. सगळी जुळली. पेनिकुक बाईने चौतीस कागदी कान ओळीने मांडले, फोटो काढले, आणि मग मावशीची खुर्ची स्वतः फिरवली. हातमोजे द्यायला ती विसरली की तिने मुद्दाम दिले नाहीत, हे मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. मावशीने शिंग उघड्या हातात घेतलं. जसं दारू ओतायला धरतात तसं, अरुंद तोंड खाली. तिचा अंगठा काठावर आपोआप एका जागी बसला. तिथली खूण बाकीच्यांपेक्षा गुळगुळीत झाली होती, जवळजवळ पुसलेली.

“हे आमचं घर,” ती म्हणाली.

म्हणजे तो तिकडे अमेरिकेत, बर्फात, बंदूक भरताना दर वेळी बहिणीच्या घरावर अंगठा ठेवत होता. याला तुम्ही पानांची नक्षी म्हणता.

शिंग तिथेच ठेवून आम्ही निघालो. परतीच्या वाटेवर मुर्डोने दोन तास नुसती गाडी हाकली. मग म्हणाला, “दरीतली बातमी तिथेच आधी शिरते. चांगली ओळ आहे रे.” आणि घरापर्यंत तीच गात राहिला. बुधवारी सकाळी दुधाचा डबा उघडायच्या आत पाकिटाची गोष्ट अख्ख्या वस्तीला त्यानेच सांगितली. अकराव्या घराची सांगायला विसरला, ती मी सांगितली.

गुरुवारी मावशीच्या घरी खुर्च्या पुरेनात. कोणी स्कोनचे गोल पाव आणले, कोणी मेंढीच्या रक्ताचं सॉसेज भरून आणलं, कोणी नुसतेच टोपी फिरवत बसले. शेवटी रॉरी आला. शाळेत मावशीच्या मागच्या बाकावर बसायचा, सगळ्यात मोठ्याने ‘ट्रिंग ट्रिंग’ करायचा तो. आता दोन काठ्यांवर चालतो. दारातच उभा राहिला.

“ओइरिग,” तो म्हणाला, “तुझ्या आजोबाने विकलं नव्हतं.”

“जरा मोठ्याने. माझा उजवा कान गेलाय.”

“विकलं नव्हतं!” रॉरी ओरडला. रस्त्यापलीकडची कुत्री भुंकली.

“आत ये,” मावशी म्हणाली. “चहात साखर किती घालू?”

मला येणाऱ्या पत्रांची आता वस्तीत खूप चौकशी होते. कोणी मला टपालात टाकायला म्हणून पाकीट देत नाही. देऊच नये, मी म्हणतो.

पेनिकुक बाईने अहवाल पाठवला, फोटोंसह, सतरा घरांच्या नावांसह. तो तुमच्या टेबलावर चौदा महिने पडून आहे. गेल्या आठवड्यात तुमचं उत्तर आलं. तुम्हाला मावशीच्या भावनांची कदर आहे. शिंग राष्ट्राचा ठेवा आहे, आमच्या सभागृहाची हवा दमट आहे, आणि म्हणून तुम्ही आम्हाला त्याची हुबेहूब प्रत करून देणार आहात, प्लास्टिकची, फरक ओळखू येणार नाही अशी.

मावशीला मी ते वाचून दाखवलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “फरक ओळखू येत नसेल, तर ती प्रत त्यांनाच ठेवू दे की.”

मला यात खोड काढता येत नाही, आणि मी तीन रात्री प्रयत्न केला आहे. ऐंशी वर्षं तुम्हाला ते शिंग कोणाचं हे कळलं नाही, कान आणि पानं यांत फरक कळला नाही. प्लास्टिक आणि शिंग यांतला तुम्हाला कुठून कळणार? दमट हवेचं म्हणाल तर ते शिंग पावणेदोनशे वर्षं आमच्याच दमट हवेत विणकराच्या चुलीवर टांगलेलं होतं, आणि तुम्ही नेलंत तेव्हा त्याला तडा नव्हता. तुमच्याच कार्डावर लिहिलंय.

मावशी सप्टेंबरात सत्त्याऐंशीची होईल. ती वाट बघत बसलेली नाही. बटाटे लावले, कुंपण रंगवलं, मुर्डोशी रोज भांडते. पण सभागृहात तिने काचेची पेटी करून घेतली आहे, आत निळं कापड घातलं आहे, आणि शनिवारी ती स्वतः जाऊन काच पुसते.

म्हणून गोल गोल लिहू नका. कदर, ठेवा, हवा, काही नको. तुमच्याच हाताने तुम्ही लिहिलंत ‘परत करायचं’. कोणत्या तारखेला करता? दिवस, महिना, वर्ष लिहा आणि खाली सही करा. बोला, कधी?